संशयावरून उचलले, तर सोडवायला किती लागतात?

बारामतीजवळच्या काटफळ एमआयडीसीलगतच्या खोलीतून किंवा इंदापूरच्या एखाद्या बांधकामावरून बंगाली बोलणारा गवंडी ‘बांगलादेशी असल्याच्या संशयावरून’ पोलिसांनी नेला, की मुकादमाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो : सोडवायला किती लागतील? पैसा वाया जायला सुरुवात होते ती इथूनच. कुणीतरी ‘वरपर्यंत ओळख असलेला’ माणूस गाठून दिला जातो, तो आकडा सांगतो, टोळीतले चौघेजण उचल घेऊन ती रक्कम उभी करतात आणि तोवर पहिले चोवीस तास निघून जातात. त्या चोवीस तासांत त्या माणसाला जे मिळायला हवे, त्यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. खर्च लागतो तो पुढे, आणि तोही किती व कुठे हे आधी माहीत असले तर आवाक्यात राहतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ हा नवा कायदा लागू आहे. परकीयांबाबतचे १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास किमान दोन व कमाल सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड. जुन्या कायद्यातली एक कडक तरतूद नव्यातही राहिली आहे : आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच डोक्यावर. इतर गुन्ह्यांत सरकारने सिद्ध करायचे असते, इथे मजुराने.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ मधला आसामच्या रहीम अली प्रकरणातला निकाल वकिलाच्या फाइलमध्ये असायलाच हवा. भार त्या माणसावर असला, तरी संशयाला काही ठोस आधार आहे हे यंत्रणेने आधी दाखवले पाहिजे. उगीच कुणालाही धरून ‘तू भारतीय आहेस हे सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. भाषा, दाढी, लुंगी हा आधार होत नाही.

परकीय माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारला अधिकार आहे की नाही, हा वाद फार पूर्वी मिटला आहे. हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात १९५५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला, आणि मलाही तो मान्य आहे. वाद आहे तो ‘परदेशी कोण, हे कुणी आणि कसे ठरवायचे’ यावर. घटनेचे कलम १९ फक्त नागरिकांसाठी आहे. पण कलम १४ आणि २१ ‘व्यक्ती’साठी आहेत, मग ती कुठल्याही देशाची असो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांसाठी न्यायालयात गेला, तेव्हा १९९६ मध्ये याच आधारावर त्यांच्या जीविताचे रक्षण करा, असा आदेश राज्याला मिळाला. हद्दपारीच्या वादात मानवी हक्क कायद्याचे काम एवढेच असते : निर्णय प्रक्रियेने व्हावा, त्या माणसाचे ऐकून घेतले जावे, आणि चूक झाली तर ती सुधारायला जागा उरावी.

जागा उरली नाही तर काय होते, हे आपल्याच राज्याने जून २०२५ मध्ये पाहिले. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या माणसासह महाराष्ट्रात राबणारे पश्चिम बंगालचे काही मजूर सीमा सुरक्षा दलाकडे सोपवले गेले आणि रातोरात बांगलादेशात ढकलले गेले. घरच्यांनी आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केल्यावर दोन्ही देशांच्या सीमा दलांची बैठक होऊन ते परत आले. दिल्लीतून अशीच घालवलेली बीरभूमची एक गरोदर बाई परत यायला मात्र डिसेंबर उजाडला. तिच्यासाठी कोलकाता उच्च न्यायालयाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आदेश द्यावा लागला आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २०२५ च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेत, संशयिताने दुसऱ्या राज्याचा पत्ता सांगितल्यास त्या राज्याकडून तीस दिवसांत पडताळणी करून घेण्याची व्यवस्था आहे. हे तीस दिवस हातात असताना धावपळ करायची, की माणूस सीमेपार गेल्यावर, एवढाच प्रश्न असतो.

पहिला दिवस : खर्च शून्य

अटकेची कारणे लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून आलेल्या मिहीर शहा खटल्यात, हे सर्व गुन्ह्यांसाठी पक्के केले : कारणे लेखी आणि अटक झालेल्याला कळेल त्या भाषेत द्यायची, आणि ती रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. ज्याला मराठी धड वाचता येत नाही त्याच्या हातात नुसता मराठी कागद ठेवून हे भागत नाही. नातेवाइकाला कळवणे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे, हे सगळे कायद्याने बंधनकारक आहे. ‘अटक नाही केली, नुसते चौकशीला बसवलेय’ असे उत्तर आले, तर त्याच क्षणी तारीख आणि वेळ टाकून पोलीस निरीक्षकांच्या नावे एक साधा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. झेरॉक्सचे दोन रुपये लागतील. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर माणूस कधीपासून कोठडीत आहे हे सांगणारा तुमच्याकडचा पहिला कागद तोच ठरेल.

वकील. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक. तालुका विधी सेवा समितीचा अर्ज न्यायालयातच मिळतो. बारामतीचा बारामतीत, इंदापूरचा इंदापुरात. अर्जालाही फी नाही. १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीत असलेली व्यक्ती, महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न किती आहे हे न विचारता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये. कोठडीतला माणूस परदेशी ठरला तरी हा हक्क जात नाही. ‘फुकटचा वकील कामाचा नसतो’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पण पहिल्या रिमांडला कुणीच उभे नसण्यापेक्षा तो उभा असणे शंभर पटीने बरे. खासगी वकील नंतरही लावता येतो.

खासगी वकिलाच्या फीला सरकारी दरपत्रक नाही. मात्र ‘सुटला तर इतके, नाही सुटला तर तितके’ असा निकालावर ठरलेला सौदा वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी करता येत नाही. असा सौदा पुढे आला तर तिथून उठा. रिमांड, जामीन आणि पुढचा खटला यांची फी वेगवेगळी विचारा, आणि दिलेल्या रकमेची पावती मागा.

जामीन, म्हणजे खरा खर्च

जामीन मंजूर होणे आणि माणूस बाहेर येणे, यांत परगावच्या मजुराच्या बाबतीत महिने जातात. रक्कम न्यायालय ठरवते. रोख भरली तर ती खटल्यानंतर परत मिळते, तेव्हा पावती जिवापाड जपा. रोख नसेल तर जामीनदार हवा, आणि तो इथलाच, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला असलेला. मालदा-मुर्शिदाबादच्या माणसासाठी कऱ्हाकाठी सातबारा कोण पुढे करणार? ज्याच्या इमारतीची स्लॅब त्याने ओतली, तो मालक पुढे आला तर काम एका दिवसात होते. बाजारात ‘भाड्याचे जामीनदार’ मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. खोट्या कागदांवर दिलेला जामीन म्हणजे आणखी एक गुन्हा. वकिलामार्फत जामिनाची रक्कम कमी करण्याचा किंवा काही काळ रोख जामिनावर सोडण्याचा अर्ज करता येतो. तेही जमत नसेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे : जिल्हा समितीच्या मंजुरीने कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार भरते. तुरुंगातून किंवा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्ज जातो. फार कुणाला ही योजना ठाऊक नसते.

कोणता कागद, आणि कोणत्या सालचा

इथे बहुतेकजण चुकतात. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांचा गठ्ठा पुढे करून ‘हे बघा साहेब’ म्हटले, की झाले असे वाटते. ठाण्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जामीन नाकारताना स्पष्ट सांगितले की, नुसत्या या कागदांनी कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. आधारच्या कायद्यातही तसेच लिहिलेले आहे.

नागरिकत्व कायदा जन्मतारखेप्रमाणे तीन गट करतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला असेल, तर तेवढे पुरेसे. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आत जन्म असेल, तर आई-वडिलांपैकी एकजण भारतीय नागरिक हवा. त्यानंतरचा जन्म असेल, तर दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या गवंड्याला स्वतःचे जन्मस्थळ दाखवायचे आहे, तिशीतल्या पोराला बापाचा किंवा आईचाही कागद लागणार आहे, आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या बिगाऱ्याला दोघांचेही.

त्यामुळे त्याच्या गावाहून काय मागवायचे ते नीट सांगा : जन्म नोंद, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, बाप-आजाच्या नावची जमीन असेल तर तिचा उतारा, आणि जुन्या मतदार यादीतले बापाचे पान. पश्चिम बंगालच्या २००२ च्या मतदार याद्या तिथल्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आपल्याकडच्या माणसाच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला हाताशी घ्या आणि एकदा डोळ्यांत तेल घालून वाचा. त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो, जन्मस्थळाचा असतो, त्याखाली गाव-तालुका-जिल्हा असतो. कित्येक दाखल्यांत गाव लिहिलेले असते आणि तालुका-जिल्ह्याच्या जागी आडवी रेघ असते. ती रेघ आज, शाळा आणि रजिस्टर दोन्ही जागेवर असताना, मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यायची वेळ आहे. तहसीलमधून मिळणारा वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला आपले सरकार सेवा केंद्रात शंभर रुपयांच्या आत निघतो. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा मुद्रांक माथी मारणाऱ्याला हे ठणकावून सांगा. नोटरीची पावतीही मागता येते.

आणि आता आपल्या भागाची गोष्ट. हा सगळा प्रकार फक्त बंगाली मजुरांचा आहे, असे समजणाऱ्यांनी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांच्या तळांवर हिवाळ्यात एक चक्कर मारावी. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्यांत दर हंगामात मुले जन्मतात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करायची असते, म्हणजे या मुलांची नोंद इथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, बीडला नाही. २१ दिवसांत नोंदवली तर फी नाही. पण बाळंतीण आठवड्यात फडावर जाते, पट्टा पडतो, टोळी गावी परतते आणि नोंद राहून जाते. माळरानावरच्या पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांतही हेच. वर्ष उलटल्यावर प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातला आदेश लागतो. त्यातून विलंबित नोंदींत गैरप्रकार झाल्याच्या आरोपांनंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देणे थांबवले आणि १२ मार्चला पोलीस पडताळणीसह नवी, कडक कार्यपद्धती आणली. बनावट दाखले रोखायलाच हवेत; पण त्या चाळणीत सर्वांत आधी अडकतो तो कोपीत जन्मलेला, पाच पिढ्या मराठी बोलणारा माणूस. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळा, मतदार यादी, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. कारखान्याच्या शेती विभागाने आणि आशाताईंनी तळावरच नोंदीचे फॉर्म भरून घेतले, तर एक रुपयाही न खर्चता या मुलांचा उद्याचा मोठा खर्च वाचेल.

दाद कुठे, आणि कितीत

माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. साधारण मुदत तीस दिवसांची, पण माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या डोक्यावरच तसे ठळक लिहा. ‘अमुक व्यक्ती कुठल्या आदेशाने, कुठे ठेवली आहे आणि पडताळणीचे पत्र कोणत्या तारखेला पाठवले’ एवढेच विचारा; आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांतला हवा.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. राज्याचा आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीत, आणि दिल्लीलाही मराठीतून किंवा बंगालीतून लिहिता येते. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका, कारण राज्य आयोगापुढे असलेले प्रकरण राष्ट्रीय आयोग घेत नाही. आयोग शिफारस करतो, भरपाई सुचवतो. माणूस उद्या सीमेवर नेला जाणार असेल, तर आयोगावर विसंबू नका, उच्च न्यायालय गाठा.

तिथे आपल्या भागाची एक अडचण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूर आणि सातारा जिल्हे त्यात आहेत, पुणे नाही. भीमेपलीकडच्या करमाळ्याचा किंवा नीरेपलीकडच्या फलटणचा माणूस कोल्हापूरला जातो, इंदापूर-बारामतीच्या माणसाला मुंबईच. कोठडी बेकायदा असेल तर हेबियस कॉर्पस याचिका कुणीही नातेवाईक किंवा मित्र करू शकतो. न्यायालयाची फी यात किरकोळ असते, पैसे लागतात ते वकिलाला आणि मुंबईच्या खेपांना. त्यासाठीही उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे. बारामतीच्या समितीकडून कागद तिकडे पाठवता येतात.

खोलीमालकांसाठी दोन ओळी. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते, पैसे लागत नाहीत. भाडेकरू परदेशी असेल तर चोवीस तासांत परकीय नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे; पुणे ग्रामीणमध्ये ती जबाबदारी पोलीस अधीक्षकांकडे आहे. ‘कशाला झंझट’ म्हणून न कळवणारा मालक भाडेकरूलाही अडचणीत आणतो आणि स्वतःलाही.

आपली पोरे तिकडे असतात तेव्हा

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्राचे तिघे होते. तिकडच्या कायद्याचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत हद्दपारीच्या खटल्यात वकील लावण्याचा हक्क आहे, पण तो स्वतःच्या खर्चाने, सरकार देत नाही. आश्रयाचा अर्ज पूर्वी फुकट होता, जुलै २०२५ च्या कायद्याने त्याला शंभर डॉलर लावले आणि प्रकरण प्रलंबित राहील त्या प्रत्येक वर्षाला आणखी शंभर. ब्रिटनमध्ये मानवी हक्कांच्या मुद्द्यावरचे अपील कागदोपत्री चालवायला ८० पौंड आणि प्रत्यक्ष सुनावणीसाठी १४० पौंड. या अपिलाचा आधार म्हणजे युरोपीय मानवी हक्क करार. त्याचे तिसरे कलम छळाविरुद्ध आहे, आठवे कुटुंबजीवनाच्या रक्षणाचे, आणि ते आठवे कलम आखडते घ्यावे की नाही यावर तिथे आज रान पेटले आहे. तिसऱ्या कलमाचा मोठा निकाल एका भारतीयाच्याच प्रकरणात लागला. १९९६ मध्ये चहल खटल्यात स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने सांगितले की, ज्याला परत पाठवल्यास छळाचा खरा धोका आहे, त्याला सरकार राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगूनही पाठवू शकत नाही.

पण घरच्यांचे लाखो रुपये जातात ते त्याही आधी, एजंटकडे. आखाती देशांत नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात. त्याची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर फुकट तपासता येते. प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपयांत दहा लाखांचे संरक्षण देतो. पोरगा तिकडे अडकलाच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार फुकट करता येते, आणि गरजूंसाठी दूतावासांकडे २००९ पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे; कायदेशीर मदत आणि परतीचे तिकीट त्यातून मिळू शकते. बारामतीतल्या एजंटने ‘पासपोर्ट माझ्याकडे राहू दे’ म्हटले, तर तो तिथल्या तिथे परत घ्या.

तुमच्याकडे बाहेरून आलेले मजूर कामाला असतील, तर या आठवड्यात एवढे करा : प्रत्येकाला कामावर घेतल्याच्या तारखेचे नेमणूकपत्र द्या, त्याच्या आणि आई-वडिलांच्या कागदांचे दोन संच काढून एक तुमच्याकडे आणि एक त्याच्या गावच्या घरी ठेवा, गावच्या सरपंचाचा किंवा प्रधानाचा फोन नंबर त्यावर लिहा, आणि खोलीच्या दारामागे १५१०० हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.